बास, ऊद आणि शजरा

लग्नाच्या बँडपार्टीत सर्वांत जड वाद्य जो उचलतो त्याच्याकडे सर्वांत कमी लोक पाहतात. आमचे एक मामू हिंगणघाटच्या बँडमध्ये होते. अंगाभोवती वेटोळे घालून खांद्यावरून तोंड काढणारे मोठे पितळी वाद्य त्यांच्या वाट्याला आले होते. वरात निघाली की नवरदेवाचे दोस्त क्लॅरिनेटवाल्यापुढे नाचायचे, नोटा ओवाळायचे त्या त्याच्यावरून, आणि मामू मागच्या रांगेत, डोक्यावर दिवे घेतलेल्या पोरांच्या शेजारी, दोन-तीन सुरांत भों-भों करीत चालायचे. घरी आम्ही मुले गाल फुगवून त्यांची नक्कल करायचो. ते चिडत नसत. म्हणायचे, "मेरा आवाज किसी को सुनाई नहीं देता बेटा. पर मैं बंद किया ना, सब का पाँव उल्टा पडता."

जॅझ नावाच्या अमेरिकी संगीतात हेच काम डबल बास करतो. व्हायोलिनच्या घराण्यातले, पण माणसापेक्षा उंच असे चार तारांचे हे वाद्य उभ्याने, बहुधा गज न वापरता बोटांनी छेडतात. मात्रेमात्रेला एक सूर, चालत्या माणसाच्या पावलासारखा. जॅझवाले या वादनाला 'चालणे' असेच म्हणतात. वर ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोन कितीही उंच उडत असला तरी तो आता कोणत्या मुक्कामावर आहे हे ऐकणाऱ्याला खालच्या बासवरून कळते. मामूंना हे ऐकायला मिळाले असते तर त्यांनी लगेच मान डोलावली असती.

आम्हाला ते उशिरा ऐकायला मिळाले, आणि तेही इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्यामुळे. त्याने मोबाईलवर एक ध्वनिमुद्रण पाठवले. वादकाचे नाव होते अहमद अब्दुल मलिक. आम्ही वर्ध्याला उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, थोडीफार अरबी वाचतो, म्हणून त्याला वाटले की मामूला याची माहिती असेल. माहिती काही नव्हती. पण नाव ओळखीचे, बाजा अनोळखी आणि मधूनच येणारी चाल आमच्या कव्वालीच्या शेजारून गेल्यासारखी. त्या एका नावामागे आम्ही पुढची दोन वर्षे गेलो. मात्र त्याच्यापर्यंत पोहोचायचे तर आधी मुंबईत उतरावे लागते, कारण असला मेळ आमच्याच राज्यात आमच्या जन्माच्या कितीतरी आधी जमून गेला होता.

१९३५ साली लिऑन अ‍ॅबी या कृष्णवर्णीय अमेरिकी वादकाचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. पुढे टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादक आला. त्यांच्याकडे पाहत आणि त्यांच्या शेजारी बसत गोव्याची मुले जॅझ शिकली. चर्चच्या शाळांत त्यांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकवलेली असे, ही त्यांची पुंजी. अल्दोना गावचा आंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने गाजला, त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात बँड चालवणारे सेबॅस्टियन डिसूझा फाळणीनंतर मुंबईला आले. तेवढ्यात मुंबई राज्यात दारूबंदी आली. हॉटेलांच्या नाचघरांची रया गेली आणि ही सारी मंडळी पोटासाठी सिनेमाच्या स्टुडिओंत शिरली. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५१ च्या 'अलबेला'त चिक चॉकलेटला बरोबर घेतले तेव्हा कोणी 'संस्कृतींचा संगम' वगैरे शब्द वापरले नसणार. गाणे उभे करायचे होते आणि ट्रम्पेट वाजवणारा माणूस हवा होता.

त्या स्टुडिओतला एक दिवस डोळ्यांपुढे आणून पाहावा. शायर आपले बोल उर्दू लिपीत लिहून आणतो. संगीतकार पेटीवर चाल सांगतो. गाणारी बाई ते बोल देवनागरीत उतरवून घेते. गोव्याचा अरेंजर तीच चाल पाच रेघांच्या कागदावर मांडतो आणि व्हायोलिनवाल्यांना वाटतो. सतारीचे उस्ताद कागदाकडे पाहतही नाहीत, एकदा ऐकून वाजवतात. एका गाण्यासाठी एका खोलीत तीन लिप्या, आणि चौथी उस्तादांच्या डोक्यातली!

हे वाचताना आम्हाला आमचे गाव आठवल्यावाचून राहिले नाही. वर्ध्याला १९३६ मध्ये राष्ट्रभाषा प्रचार समिती निघाली. १९४२ मध्ये इथेच गांधीजींनी हिंदुस्थानी प्रचार सभा काढली. सर्वांनी नागरी आणि उर्दू या दोन्ही लिप्या शिकाव्यात असा तिचा आग्रह होता. याच मुद्द्यावर १९४५ मध्ये ते हिंदी साहित्य संमेलनातून बाहेर पडले. त्याआधी ऑक्टोबर १९३७ मध्ये इथे शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. बी.एड्.ला आम्ही ती समिती घोकली आहे : मूलोद्योग, मातृभाषा, गणित, समाजशास्त्र, सामान्य विज्ञान, चित्रकला, संगीत, हिंदुस्थानी. होय, संगीतसुद्धा. मुस्लिम लीगने त्या योजनेवर सडकून टीका केली, आणि काँग्रेसवाल्यांनी तरी ती किती मनापासून राबवली हे सर्वांना ठाऊक आहे. आज आमच्या शाळेत संगीताच्या तासाला गणिताचा राहिलेला भाग पुरा करतात.

इतक्या थोर माणसांनी ठराव करून जी मिश्र जबान वर्ध्यात रुजवू पाहिली ती इथे रुजली नाही. ताडदेव-दादरच्या स्टुडिओंत रोजंदारीवर आलेल्या माणसांनी ती सहज रुजवली. यात गांधीजींची चूक दाखवण्याचा हेतू नाही, तसे करण्याची आमची ऐपतही नाही. पण दुसऱ्याची लिपी शिकली पाहिजे असे कोणी सांगितले की माणूस आधी आपली लिपी छातीशी धरतो. कामाच्या गरजेने मात्र तीच लिपी तो आठवड्यात वाचू लागतो, हे शिक्षक म्हणून आम्ही रोज पाहतो.

१९६८ मध्ये या मंडळींनी एक पाऊल आणखी टाकले. शंकर-जयकिशन यांच्या नावाने 'रागा जॅझ स्टाइल' ही तबकडी निघाली. सिनेमाची गाणी नाहीत, नुसते वादन. तोडीपासून भैरवीपर्यंत अकरा राग. सतारीवर रईस खाँ, तबल्यावर रमाकांत म्हापसेकर, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, पियानोवर लुसिला पाशेको, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो आणि डबल बासवर एडी ट्रॅव्हास. नावे वाचत गेलो तरी मुंबईचा एखादा जुना रस्ता पायी चालल्यासारखे वाटते. रईस खाँ इंदूरचे, मेवाती घराण्याचे. १९८६ मध्ये ते पाकिस्तानात गेले आणि २०१७ मध्ये कराचीत वारले. तबकडीवर मात्र ते अजून म्हापसेकरांच्या शेजारी बसलेले आहेत.

ही तबकडी आम्ही मुद्दाम खालून ऐकली, म्हणजे सतार सोडून बासकडे कान लावून. तेव्हा अडचण ध्यानात आली. आपल्या संगीतात तळाला तानपुरा असतो. तो षड्ज धरून बसतो, हलत नाही. राग त्याच्याभोवती फिरतो. जॅझमध्ये तळच चालत असतो, दोन-चार मात्रांनी आधारस्वर बदलतो आणि वरच्याला त्या बदलाप्रमाणे वळावे लागते. एकाच्या घरात जमीन स्थिर आहे, दुसऱ्याच्या घरात जमीनच चालते. मग दोघे एकत्र आल्यावर बासवाल्याने काय करावे? चालत राहिला तर रागाचा पाय मोडतो, थांबला तर जॅझ उरत नाही. एडी ट्रॅव्हास आणि मंडळींनी बहुतेक जागी शहाणा मार्ग काढला आहे. आधी सतार आपले म्हणणे मांडते, मग जॅझवाले आपले. मैफल रंगते, पण आमच्या कानाला तरी दोन पाहुणे आळीपाळीने बोलतात, एकमेकांशी कमी बोलतात. चित्रपटांच्या घाईतून वेळ काढून केलेल्या कामाकडून याहून जास्त मागणे बरे नव्हे.

तबल्याची अडचण आणखी वेगळी. डग्गा आणि बास एकाच खोलीत राहतात, दोघांचा आवाज खालचा, आणि डग्गा तर मनगटाच्या दाबाने सूर घसरवतही नेतो. दोघे एकदम बोलले तर गलका होतो. ही गोष्ट खरी सुटलेली ऐकायची तर २०१९ चा 'गुड होप' हा अल्बम ऐकावा. त्यात माहीमचे उस्ताद झाकिर हुसेन, सॅक्सोफोनवर ख्रिस पॉटर आणि बासवर डेव्ह हॉलंड असे तिघेच आहेत. हॉलंड हा इंग्रज, तरुणपणी १९६८ मध्ये माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये गेलेला. त्याने त्याआधी १९९८ मध्ये ट्युनिशियाच्या अन्वर ब्राहेम या ऊदवादकाबरोबर 'थिमार' नावाचा अल्बम केला होता. उर्दूवाल्यांना हा शब्द समजावून सांगायला नको, आपल्या 'समर'चे, म्हणजे फळाचे, ते अनेकवचन. हॉलंडला आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी जाऊन जमिनीवर मांडी घालून बसता आले. झाकिरभाई डिसेंबर २०२४ मध्ये गेले. आमच्या वर्गात त्या आठवड्यात एका मुलाने विचारले, "सर, वर्धा कमिटीवाले झाकिर हुसेन यही थे क्या?" राष्ट्रपती झालेले झाकिर हुसेन आणि तबलानवाज झाकिर हुसेन यांची अशी गाठ पडलेली पाहून दोघांनाही हसू आले असते.

पण ही वाट हॉलंडच्या कितीतरी आधी ज्याने पायाखाली घातली तो अहमद अब्दुल मलिक. जन्म ३० जानेवारी १९२७, ब्रुकलिन. वडिलांनी लहानपणीच व्हायोलिन हातात दिले. पुढे तो बासकडे वळला, न्यूयॉर्कच्या संगीत आणि कला शिकवणाऱ्या सरकारी शाळेत गेला, किशोरवयातच त्याने इस्लाम स्वीकारला. आर्ट ब्लेकी, रँडी वेस्टन अशा नामवंतांच्या मागे उभा राहून वाजवू लागला. १९५७ मध्ये थेलोनियस मंक या अवलिया पियानोवादकाच्या चौकडीत विल्बर वेअरच्या जागी त्याला घेतले गेले. सॅक्सोफोनवर होता जॉन कोल्ट्रेन.

जॅझच्या इतिहासात त्या चौकडीला फार मान आहे, पण तिचे ध्वनिमुद्रण फारसे उरले नाही अशी अनेक वर्षे हळहळ होती. २००५ मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जुन्या फितींत २९ नोव्हेंबर १९५७ च्या कार्नेगी हॉलमधल्या मैफलीची फीत सापडली. ती बाजारात आली तेव्हा साऱ्या जगाने मंक आणि कोल्ट्रेनची वाहवा केली, आणि ते योग्यच होते. आम्ही मात्र मामूंचे भाचे. आम्ही खाली कान लावला. मंकची चाल वेडीवाकडी, मध्येच थांबणारी, न सांगता वळणारी. त्याच्याखाली मलिकचा बास असा सरळ चालतो की जणू रस्त्यात खड्डेच नाहीत. ड्रमवर शॅडो विल्सन. दोघे मिळून त्या दोन थोरांना पडू देत नाहीत.

इतके नाव झाल्यावर दुसरा कोणी त्यावर आयुष्य काढता. मलिकने पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९५८ मध्ये, आपल्या नावाची पहिली तबकडी केली : 'जॅझ सहारा'. मुळचे अलेप्पोचे, पण न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेले नईम कराकंद व्हायोलिनवर, जॅक ग़नाइम कानूनवर, माइक हॅमवे दरबुक्यावर, आणि या अरब मंडळींच्या मध्ये शिकागोचा सॅक्सोफोनवाला जॉनी ग्रिफिन. मलिक स्वतः बास आणि ऊद अशी दोन्ही वाद्ये वाजवतो. तबकडीवर चारच रचना आहेत. त्यांची नावे वाचून आमचा भाचा चकित झाला होता आणि आम्हाला हसू फुटले. 'या अन्नास' म्हणजे अहो लोकहो. 'इस्मआ' म्हणजे ऐका. एकीच्या नावात 'फरह', म्हणजे आनंद. आणि एक 'अल हारिस', जिचा अर्थ तबकडीवर बेचैन असा दिला आहे, तर आमच्या उर्दूत हरीस म्हणजे लालची. शब्द गावोगाव फिरताना स्वभाव बदलतात, त्याला काय करणार!

या तबकडीत एक वाद्य नाही. पियानो नाही. जॅझच्या ताफ्यात तो सहसा असतोच, आणि मलिक तर जॅझमधल्या सर्वांत मोठ्या पियानोवाल्याकडून आलेला. पण अरबी संगीत मकामांवर चालते. उर्दूत मकाम म्हणजे ठिकाण, मुक्कामाची जागा. संगीतात मकाम म्हणजे आपल्या रागासारखी स्वरांची ठरलेली चाल. त्यातले काही सूर पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये राहतात. पियानोवर त्यांना घर नाही. आपल्याकडे हेच दुखणे पेटीचे. याच कारणाने आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर घातलेली बंदी १९७१ पर्यंत टिकली. डबल बासच्या दांडीवर मात्र पडदे नसतात, सारंगीसारखे. बोट जिथे ठेवाल तिथे सूर. म्हणजे तो मधला सूर काढायची सोय अगदी पहिल्या दिवसापासून बासवाल्याच्या बोटाखाली होती. शोधायला कोणी जात नव्हते, मलिक गेला.

आणि चालत्या जमिनीचे काय केले? त्याने चालणे बंद केले. 'जॅझ सहारा'त बास बराच वेळ एकाच सुराभोवती, एकाच ठेक्यात घट्ट राहतो, दरबुक्याशी मिळून. वर ग्रिफिनला फिरायला मोकळे रान मिळते. दहा वर्षांनी मुंबईत जो पेच पडणार होता त्यातून मलिकने असा मार्ग काढला : बासने बासपणाचा थोडा त्याग करायचा. ग्रिफिन अधूनमधून वाळवंटात सायकल चालवल्यासारखा वाटतो हे आम्ही मान्य करतो. पण पहिल्या प्रयत्नात जे धाडस आहे ते पुढच्या सफाईदार कामात नेहमी असतेच असे नाही.

१९६४ पर्यंत त्याने सहा तबकड्या केल्या. 'ईस्ट मीट्स वेस्ट' मध्ये तर ली मॉर्गन, बेनी गोल्सन असे बिनीचे जॅझवाले कानून-दरबुक्यासोबत बसवले. नोव्हेंबर १९६१ मध्ये कोल्ट्रेनने न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये 'इंडिया' नावाची रचना वाजवली तेव्हा त्याने दोन बासवाले घेतले होते, आणि तिसरा मलिक. त्याच्या नावापुढे काही ठिकाणी ऊद लिहिलेला आढळतो, जाणकार मात्र तो आवाज तानपुऱ्याचा मानतात. आमचेही मत तेच. जे वाद्य फक्त षड्ज-पंचम धरून बसते, ज्याच्यासाठी कोणी टाळी वाजवत नाही, ते हातात घेऊन हा माणूस त्या मोठ्या मैफलीत बसला. १९७२ मध्ये मोरोक्कोत झालेल्या जॅझ महोत्सवात त्याने वाजवले. १९८४ मध्ये अरबी संगीत आणि जॅझ यांचा मेळ घालणारा अग्रणी म्हणून त्याचा सन्मान झाला. २ ऑक्टोबर १९९३ रोजी तो वारला.

मधली वर्षे कुठे गेली? तो शिक्षक झाला. न्यूयॉर्क विद्यापीठातून त्याने संगीतशिक्षणाचा अभ्यास केला, १९७० पासून त्याच विद्यापीठात आणि पुढे ब्रुकलिन कॉलेजच्या आफ्रिकी अभ्यास विभागात शिकवले. मंक-कोल्ट्रेनबरोबर वाजवलेला माणूस हजेरी घेत होता, पेपर तपासत होता, हे वाचून आम्हाला उगीचच बरे वाटले. शिक्षकी पेशाला कोणी तरी असा मोठा सहकारी सापडावा ही लालसा (हरीस म्हणा हवे तर) माफ असावी.

आता अडचणीची गोष्ट. मलिक आयुष्यभर सांगत आला की त्याचे वडील सुदानचे. तबकड्यांच्या पाठीवर तसेच छापले गेले. अरबी संगीत त्याच्या रक्तातच आहे असे लोक म्हणत. २०१२ मध्ये रॉबिन केली या इतिहासकाराचे जॅझ आणि आफ्रिका या विषयावरचे पुस्तक आले. त्याने कागदपत्रे तपासली. मलिकचे आई-बाप कॅरिबियन समुद्रातल्या सेंट व्हिन्सेंट बेटावरून आलेले निघाले. मुलाचे जन्मनाव जोनाथन टिम. सुदानचा पत्ता नाही.

भाचा नाराज झाला. फोनवर म्हणाला, "मामू, ये तो फेकू निकला."

आम्हाला तसे म्हणवेना. त्या काळची अमेरिका डोळ्यांपुढे ठेवली पाहिजे. काळ्या माणसाला हॉटेलात जागा नाही, बसमध्ये मागची बाके, आणि आजोबा-पणजोबांचा शोध घ्यायला गेले तर वाट गुलामांच्या जहाजापाशी संपते. डिझी गिलेस्पीने आत्मचरित्रात लिहिले आहे की मुसलमान झालेल्या, मुसलमानी नाव घेतलेल्या काही वादकांना पोलिसांच्या परवाना-कार्डावर 'काळा' अशी नोंद टाळता येत असे. नाव बदलले की माणूस परदेशी ठरायचा, आणि परदेशी काळा हा देशी काळ्यापेक्षा बरा मानला जायचा! यामुळे कोणाचा ईमान खोटा ठरत नाही. मलिक अखेरपर्यंत श्रद्धावान मुसलमान राहिला. पण ज्या देशात माणसाला स्वतःच्या घरी मान मिळत नाही तिथे तो दूरच्या घराचा पत्ता सांगू लागतो, एवढे समजायला इतिहासाची पदवी लागत नाही.

आणि दुसरी बाजू पाहा. रक्तातून मिळाले असे सांगितले गेलेले ते संगीत त्याला मिळाले कसे? ब्रुकलिनच्या अटलांटिक अ‍ॅव्हेन्यूवर सीरियन-लेबनीज लोकांची वस्ती होती. त्यांच्यातल्या वादकांमध्ये ऊठबस करून, ऊद शिकून, मकामांचे मधले सूर बोटात बसवून. बेटावरच्या बापाच्या मुलाने ते कष्टाने कमावले. सुदानची गोष्ट खरी असती तर उलट त्याचे श्रेय कमी झाले असते. त्याला हे कोणी सांगितले नाही, किंवा सांगूनही त्याला पटले नसते.

आम्हाला पटायला एक शजरा कारणीभूत झाला. आमच्या बडे अब्बांकडे खानदानाचा शजरा आहे. पिवळ्या कागदावर, वळणदार उर्दू अक्षरांत, पिढ्यांची शिडी. तळाला आम्ही आणि टोकाला अरबस्तान. ईदला पाहुणे जमले की तो काढला जायचा. मधल्या चार-पाच पिढ्यांत एकाही गावाचे नाव नाही हे लहानपणी एकदा विचारले तेव्हा बडे अब्बांनी शिरखुर्म्याची वाटी पुढे सरकवली. वर्गातही हेच. सातवीच्या मुलांना 'मेरा खानदान' या विषयावर लिहायला सांगितले की निम्मे पूर्वज अरबस्तानातून येतात, उरलेले इराणातून, आणि एखादा बुखाऱ्याहून घोड्यावर. आर्वीहून, पुलगावहून, वणीहून कोणी येत नाही. मात्र याच मुलांच्या दादी-नानी अस्सल वऱ्हाडी बोलतात, आणि कापूस वेचताना त्यांची बोटे जशी चालतात तशी बुखाऱ्याच्या कोणाचीही चालणार नाहीत.

डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्वाचा नवा कायदा झाला. त्या हिवाळ्यात मोहल्ल्यात घरोघरी पेट्या उघडल्या गेल्या. कोण कागद मागणार, कोणता मागणार, कोणाला काही नक्की ठाऊक नव्हते, पण जो तो शोधत होता. शाळेत जुन्या दाखल्यांसाठी रांगा लागल्या. साठ वर्षांपूर्वीच्या रजिस्टरांत नावे शोधून देताना आमचे हात काळे झाले. एका नावाची तीन-तीन स्पेलिंगे, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत एकच धास्ती : एवढ्याशा फरकाने आपण परके तर ठरणार नाही?

बडे अब्बांनीही पेटी उघडली. सर्वांत वर शजरा होता. त्यांनी तो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि काही न बोलता घडी करून बाजूला ठेवला. ज्या कागदाने आजवर खानदानाची इज्जत वाढवली तोच आता सांगत होता की हे लोक बाहेरून आले. मग ते तळाशी हात घालून चाचपू लागले. जमिनीची खरेदीखते नव्हती, कारण जमीनच नव्हती. लग्नाचा निकाहनामा निघाला, एक रेशनकार्ड निघाले आणि एका मळकट पाकिटातून हिंगणघाटच्या कापड गिरणीचे दादांचे हजेरीकार्ड निघाले. त्यावर नाव, खाते, पाळी आणि अंगठा. दादा सही करत नसत. मजकूर मराठीत होता. बडे अब्बांना मराठी वाचता येते, तरी त्यांनी ते आम्हाला मोठ्याने वाचायला लावले. आम्ही वाचले. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावले.

भाच्याला ही गोष्ट आम्ही फोनवर सांगितली नाही, घरी आला तेव्हा कार्डच दाखवले. त्याने मोबाईलवर त्याचे दोन फोटो काढले, पुढून आणि मागून. नंतर अंगणात बसून आम्ही 'जॅझ सहारा' लावले. बडे अब्बा आतून ऐकत होते. संगीत त्यांच्या पसंतीचे नाही, तरी थोड्या वेळाने त्यांनी आतूनच विचारले, "ये नीचे से कौन बजा रहा?"

हजेरीकार्ड आता लॅमिनेट करून आणले आहे आणि ते बडे अब्बांच्या कपाटात आधारकार्डाशेजारी असते. शजरा पेटीतच आहे. त्याला वाळवी लागू नये म्हणून दर उन्हाळ्यात ते पेटीतला कडुनिंबाचा पाला बदलतात.